खालच्या बाई

माझी मावशी आयुष्याचा मोठा भाग मान वर करून जगली. तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, लोकांच्या घरची झाडं छाटायचे. काका झाडावर आणि मावशी झाडाखाली. काकांच्या कमरेच्या पट्ट्यातून निघालेला दोर वरच्या एखाद्या जाड फांदीवरून फिरून खाली यायचा, बुंध्याभोवती एक वेढा घ्यायचा, आणि त्याचं टोक मावशीच्या हातात असायचं. ज्यांच्या अंगणात काम चाललेलं असे ते लोक काकांना ‘वरचे’ म्हणत आणि तिला ‘खालच्या बाई’. घरातली बाई चहा घेऊन आली की विचारायची, वरच्यांना साखर किती? मग खालच्या बाई सांगायच्या की वरच्यांचा चहा झाकून ठेवा, ते खाली येईस्तोवर त्याचं सरबत होणारच आहे, साखर थोडी जास्तच घाला.

तिने दोर कधी हातात घेतला याची गोष्ट साधीच आहे. आधी काकांचा धाकटा भाऊ दोर धरायचा. त्याला परगावच्या कारखान्यात नोकरी लागली आणि तो ट्रंक उचलून निघून गेला. त्याच दिवशी एका घरी काम ठरलेलं होतं. काका दारात दोराचं भेंडोळं खांद्यावर घेऊन तोंड पाडून उभे राहिले. मावशीचं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. ती म्हणाली, आजच्यापुरता मी धरते. त्या ‘आजच्यापुरतं’वरून आमच्या घरात पुढे विनोदच झाला. कुणी पाहुणा बॅग घेऊन आला आणि आजच्यापुरता राहतो म्हणाला की माझी आई हळूच जास्तीची गादी काढायची.

मावशीला उंचीची भयंकर भीती होती हे तर आणखीच गमतीचं. स्टुलावर उभं राहून दिवा बदलायचा म्हटलं तरी तिचे गुडघे लटपटायचे. माळ्यावरचा डबा काका घरी येईपर्यंत माळ्यावरच राहायचा. ती चढली असेल तर फक्त हरभऱ्याच्या झाडावर, आणि तेही काकांनी चढवलं तरच. पण जमिनीवर उभं राहून वर बघायची तिला कधी भीती वाटली नाही. उलट तेच तिला आवडत गेलं.

झाडाखाली उभं राहिलं की वेळ वेगळ्या चालीने चालतो, असं ती मला सांगायची. पानांतून उन्हाचे कवडसे खाली यायचे आणि तिच्या अंगावरून, हातांवरून, दोरावरून सरकत राहायचे. वरून भुसा यायचा, अगदी मंद, पापण्यांवर बसायचा. प्रत्येक झाडाच्या भुशाला वेगळा वास. निलगिरीचा सर्दीच्या औषधासारखा, आंब्याचा तुरट-गोड, सुरूचा कोरडा, जुन्या कपाटासारखा. त्या वासात आणि उजेडात तिला गुंगी यायची. डोळे अर्धे मिटायचे, पण हात टक्क जागे. वर काका कुठे आहेत, कुठल्या पायावर भार आहे, करवत उजव्या हातात आहे की डाव्या, हे तिला दोरातून कळायचं. दोघांत ठरलेले इशारे होते, एक हिसका म्हणजे सैल सोड, दोन म्हणजे धर, लांब ओढ म्हणजे करवत पाठव. पण त्यापलीकडेही बरंच काही त्या दोरातून यायचं. काका वर गुणगुणायला लागले की तिच्या तळव्याला गुदगुल्या झाल्यासारखं वाटायचं. गाणं ऐकू यायचं नाही, नुसती थरथर यायची. त्यावरून कुठलं गाणं ते ती ओळखायची, आणि काका खाली आले की तिचं बरोबर निघायचं.

भांडणं व्हायचीच. कधी भाजी करपली म्हणून, कधी काकांनी ओला टॉवेल गादीवर टाकला म्हणून. मग दोघं सकाळी तोंड फिरवून निघायची, रस्ताभर एक पुढे एक मागे. पण एकदा का पट्टा कमरेला बसला की मावशी स्वतः येऊन त्याचं बक्कल ओढून बघायची. तोंडाने अवाक्षर नाही, बक्कल मात्र पुन्हा पुन्हा बघायचं. काका नंतर हसत म्हणायचे की हिचा अबोला माझ्याशी असतो, बकलाशी नाही.

बरीच वर्षं अशी गेली. मूलबाळ झालं नाही, त्याचं दुःख सुरुवातीला होतं, मग ते घरातल्या जुन्या खुर्चीसारखं एका कोपऱ्यात बसलं आणि दोघांनाही त्याची सवय झाली.

मग एका सकाळी, एका बैठ्या घराच्या मागच्या सुरूवर काका चढलेले असताना, दोरातून काहीतरी वेगळं आलं. मावशी म्हणायची, ती थरथर गाण्याची नव्हती आणि वाऱ्याचीही नव्हती. पाण्याच्या भांड्याला धक्का लागल्यावर पाणी हिंदकळतं ना, तसं काहीतरी. तिने वर पाहिलं. काका खोडाला दोन्ही हातांनी मिठी मारून बसले होते आणि त्यांचा गाल सालीला टेकला होता. त्यांनी कुठलाच इशारा केला नव्हता. तिने दोर हळूहळू सोडायला सुरुवात केली, इतक्या हळू की खाली येताना काकांना आपण उतरतोय असं वाटण्याऐवजी जमीनच वर येतेय असं वाटावं. खाली आल्यावर ते गवतावर बसले आणि म्हणाले, डोळ्यात कचरा गेला. मावशीने मान डोलावली. दोघांनाही ठाऊक होतं की डोळ्यात कचरा गेलेला माणूस झाडाला मिठी मारत नाही.

पुन्हा एकदा तसंच झालं, मग तिसऱ्यांदा झालं. डॉक्टरांनी काकांच्या डोळ्यांसमोर बोट फिरवलं, डोकं इकडून तिकडे वळवायला लावलं आणि सांगितलं की कानाच्या आत तोल सांभाळणारी जी जागा असते ती बिघडली आहे. जिवाला धोका नाही. चाला, फिरा, खा, प्या. फक्त उंचावर जायचं नाही. आता कधीच नाही.

काका घरी बसले. उंचावर काम केलेल्या माणसाला घरी बसवलं की छत फार खाली येतं. ते पलंगावर पडून पंख्याकडे बघत राहायचे. हाताला चाळा हवा म्हणून त्यांनी दारापुढच्या कुंड्यांतली झाडं छाटायला घेतली. जास्वंद छाटली, मोगरा छाटला, शेजारच्यांची कुंपणाची मेंदी छाटली, आणि पुन्हा जास्वंदीकडे वळले तेव्हा तिच्यात छाटण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मातीतून वर आलेली नुसती दोन बोटं. मावशीने कात्री त्यांच्या हातातून घेऊन खणात ठेवली. त्या दिवशी काका तिच्याशी फार तोडून बोलले. दोर धरायला काय लागतं, असं म्हणाले. खालून बघणाऱ्याला काय कळतं वर काय असतं. बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं असावं, कारण जेवताना त्यांनी ताटातला चांगला घास तिच्या ताटात सरकवला. पण बोललेलं बोलून झालं होतं.

मावशीला ते लागलं, पण राग आला नाही. तिला वाटलं, खरंच की. इतकी वर्षं मी बघतेय, पण वर काय असतं?

त्यांच्या घरामागे आंब्याचं एक झाड होतं, पसरट, फार उंच नसलेलं. दुपारी काकांचा डोळा लागला की मावशी पट्टा कमरेला बांधून मागे जायची. पट्ट्याला एक आखूड दोर असतो, तो एका फांदीला अडकवायचा, वर सरकायचं, मग सोडवून पुढच्या फांदीला अडकवायचा. हे तिने हजारदा पाहिलं होतं, केलं एकदाही नव्हतं. पहिल्या दिवशी ती पहिल्याच बेचक्यापर्यंत गेली आणि तिथेच डोळे मिटून बसली. खाली पाहिलं की भीती वाटते असं सगळे सांगतात. पण तिला खाली बघायची सवयच कुठे होती? ती वरच बघत आली होती. तिने डोळे उघडले आणि सवयीप्रमाणे वर पाहिलं. वर पानं होती, पानांवर पानं, आणि मध्ये आभाळाचे बारीक तुकडे. जमिनीवरून दिसायचं तेच. फक्त जवळ आलं होतं. तिचे गुडघे लटपटायचे थांबले.

रोज दुपारी ती थोडी वर जायची. ती मला म्हणाली होती की झोपेत चालल्यासारखं वाटायचं. आपण करतोय असं वाटायचंच नाही, झाडच एकेक फांदी पुढे करतंय असं वाटायचं. एका दुपारी ती शेंड्याजवळच्या फांदीवर बसली होती. तिथून तिला कधी न दिसलेलं आपलं गाव दिसत होतं. गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्या, दोरीवर सुकणारे एकेकटे मोजे, कुणाच्या तरी छपरावर अडकून रंग उडालेला चेंडू, आणि पलीकडच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्याउभ्याच जेवणारा एक माणूस, ज्याला आपल्याला कुणी बघतंय याचा पत्ता नव्हता. वारा नव्हता. तिला वाटलं, हे लोक इतके सुंदर आहेत आणि कुणी त्यांना सांगत नाही.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. काका उठून आले होते. त्यांनी आधी अंगणात पाहिलं, मग न्हाणीघराकडे, मग हळूच मान वर केली. मावशीला वाटलं, आता ओरडतील. काका ओरडले नाहीत. बराच वेळ नुसते बघत राहिले. मान मागे टाकून बघताना त्यांना चक्कर येत असणार, कारण त्यांनी एक हात भिंतीला टेकवला होता. मग ते आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर मोठा दोर होता. टोकाला बांधलेली वाळूची पिशवी त्यांनी फिरवून फेकली, ती बरोबर मावशीच्या डोक्यावरच्या बेचक्यातून गेली आणि दोर घेऊन तिच्या शेजारी लोंबत राहिली.

“तुझ्याजवळ आलेला दोर पट्ट्याला लाव,” काका म्हणाले. “आखूड दोरावर भरवसा ठेवून कुणी इतकं वर बसतं का?”

तिने लावला. काकांनी दुसरं टोक घेतलं, बुंध्याभोवती वेढा दिला आणि दोर ताणून धरला. मावशी म्हणायची, तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की इतकी वर्षं ती काकांना काय देत होती. खाली कुणीतरी आहे हे पाठीच्या कण्याला समजतं. काका खाली उभे होते आणि रडत होते, पण त्यांना वाटत होतं की वरून ते दिसत नसणार.

त्यानंतर शिकवणी सुरू झाली. काका खालून सांगायचे आणि मावशी वर करायची. लोक उंटावरून शेळ्या हाकतात, हे जमिनीवरून खार हाकताहेत, असं माझी आई म्हणायची. मोठी फांदी कधी एका दमात कापायची नाही. आधी खोडापासून थोडी पुढे, खालच्या बाजूने एक चीर, मग त्याच्याही पुढे वरून काप, म्हणजे फांदी मोडताना खोडाची साल ओरबाडत नाही. उरलेला खुंट शेवटी काढायचा, पण खोडाला चिकटून नाही. फांदीच्या बुडाशी शर्टाच्या कॉलरसारखी जाडसर वळी असते, ती शाबूत ठेवायची. तिच्यातूनच झाड आपली जखम भरून काढतं. काका हे सगळं अधीरपणे सांगायचे, पुन्हा पुन्हा सांगायचे. दोर धरणारे म्हणून ते वाईटच होते. सैल सोडा म्हटलं तर ताणायचे, धरा म्हटलं तर आधीच धरून बसलेले असायचे. मावशी खाली आली की तिच्या कमरेवर पट्ट्याचे वळ उठलेले असायचे. एकदा ती त्यांना म्हणाली की अहो, मी मासा नाही, गळ ओढल्यासारखा ओढू नका. हळूहळू त्यांचा हात नरम झाला.

गावात बातमी पसरली, पण ती पसरायची तशी नाही. एका जुन्या गिऱ्हाइकाने कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारलं की हल्ली छाटणीवाले दिसत नाहीत, बरं आहे ना सगळं? वाण्याने तराजूवरची नजर न काढता सांगितलं, वरच्यांना झेपत नाही, आता खालच्या बाई वर गेल्या. गृहस्थ हळहळले. घरी जाऊन त्यांनी कपडे बदलले आणि काकांना भेटायला निघाले. काका मागच्या अंगणात दोर धरून, तोंड वर करून उभे होते. गृहस्थांना भडभडून आलं. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, कधी गेल्या?

“सकाळीच गेली,” काका म्हणाले. “जेवायला येईल.”

गृहस्थ दोन पावलं मागे सरकले. तेवढ्यात वरून मावशीचा आवाज आला, पाव्हण्यांना चहा घेऊन जायला सांगा. हा किस्सा गावाला पुढे कितीतरी दिवस पुरला. आणि त्यानिमित्ताने सगळ्यांना कळलं की छाटणीचं काम पुन्हा सुरू झालंय.

मग वादळ झालं आणि घड्याळवाल्यांचं बोलावणं आलं. हे घड्याळवाले म्हणजे म्हातारे, बारीक अंगाचे गृहस्थ. खालच्या मजल्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि वर घर. घराला लागून एक जुना शिरीष होता, त्याची मोठी फांदी वरच्या खोलीच्या खिडकीपुढून जाऊन छपरावर झुकलेली. वादळात ती बुडाशी फाटली होती, पण पडली नव्हती. चिरेतून आतलं पिवळं लाकूड दिसत होतं. आणि त्या खोलीत घड्याळवाल्यांची बायको अंथरुणाला खिळून होती. पाय गेल्यापासून तिचं जग त्या पलंगापुरतं उरलं होतं. घड्याळवाले इतके घाबरले होते की त्यांना झाडच नको होतं. फांदी नको, फाटे नको, मुळापासून काढा, असं ते म्हणत होते. काकांनी सांगितलं की आधी फांदीचं बघू, बाकीचं मग.

मावशी चढली. फाटलेल्या फांदीला हातही न लावता ती तिच्या शेजारच्या फांदीवरून सरकत गेली आणि खिडकीसमोर पोचली. खिडकी उघडी होती. आत पलंगावर म्हातारी उताणी पडली होती, छताकडे बघत. तिने मान वळवली. खिडकीबाहेर, पानांत, एक बाई बसलेली होती.

“तू खरी आहेस ना?” म्हातारीने विचारलं. तिचा आवाज झोपेतून आल्यासारखा होता.

“खरी आहे, आजी. ही फांदी काढायला आलेय.”

म्हातारीने बोट छताकडे केलं आणि सांगितलं ते असं. समोरच्या बैठ्या घराला पत्र्याचं छप्पर आहे. दुपार कलली की त्यावर ऊन पडतं, आणि तिथून उलटून या फांदीतून वर माझ्या छतावर येतं. मग छतावर पानं हालतात. नदीच्या तळाशी पडून वरचं पाणी बघावं तसं दिसतं. मी रोज तेवढ्यासाठी दुपारची वाट बघते. यांना मी कधी सांगितलं नाही, कारण हे दुकानातच असतात आणि यांना वाटेल माझं डोकं फिरलंय. तू फांदी कापशील ते ठीकच आहे. पण मला आज एकदा बघू दे.

खालून दोराला हिसका आला. काका विचारत होते, थांबलीस का? मावशीने दोन हिसके दिले, धरून ठेवा. मग खाली उतरून तिने काकांना बाजूला घेतलं. काकांना ते पटेना. फाटलेली फांदी डोक्यावर लटकत ठेवून घरी जायचं, ही या धंद्यात बसणारी गोष्ट नव्हती. आपण कामाला आलोय, करमणुकीला नाही, असं ते म्हणाले. मावशीने एवढंच विचारलं की दोन दोरांनी वरच्या जाड फांदीला बांधली तर सकाळपर्यंत तगेल का. काकांनी पुन्हा मान वर करून पाहिलं, चक्कर येत होती तरी पाहिलं, आणि अखेर म्हणाले, तीन दोरांनी बांध.

मावशीने फांदी बांधली. घड्याळवाले आणि काका दोघांनी मिळून म्हातारीचा पलंग ओढून पार दाराच्या भिंतीशी नेला, जिथे फांदी चुकून पडलीच तरी पोचणार नव्हती. दुपार कलली. पत्र्यावर ऊन पेटलं आणि छत हलायला लागलं. घड्याळवाले दुकानात जायचे ते गेलेच नाहीत. पलंगाच्या कडेला बसून ते आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच घराचं छत बघत होते. काका दारात उभे होते, मावशी जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. बाहेर शिरीषाच्या वाळल्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत होत्या. सावल्या एकमेकींत शिरत होत्या, सुटत होत्या, आणि मावशी म्हणायची की तिला मधेच खरंच झोप लागली, आणि जाग आली तेव्हाही छतावर तेच चाललं होतं, जणू ती एका झोपेतून दुसऱ्या झोपेत आली होती. मग पत्र्यावरचं ऊन विझलं. संध्याकाळ झाली तशी शिरीषाची पानं जोडीजोडीने मिटायला लागली. म्हातारी म्हणाली, झालं. आता निजतं ते.

सकाळी मावशीने फांदी तुकड्यातुकड्याने कापून दोराने खाली सोडली. खिडकीत एकदम पांढरं, भगभगीत आभाळ आलं. म्हातारी त्या दिवशी तोंड भिंतीकडे करून पडून राहिली. मावशीला त्याचं वाईट वाटलं, पण फांदी ठेवण्यासारखी नव्हतीच. निघताना घड्याळवाले काकांना म्हणाले की बाकीचं झाड राहू दे.

मावशीने एक केलं होतं. शेजारच्या फांदीचे आडवेतिडवे धुमारे काढून एकच उमदा धुमारा ठेवला होता, मोकळ्या झालेल्या जागेकडे तोंड केलेला. झाड उजेडाकडे जातं, एवढ्यावर तिने ते सोडलं होतं. पुढच्या वर्षी ती शिरीष बघायला गेली तेव्हा धुमारा खिडकीच्या चौकटीपर्यंत आला होता. त्याच्या पुढच्या वर्षी तो खिडकीपुढून गेला. मावशी वर चढून खिडकीत पोचली. म्हातारी आणखी बारीक झाली होती, पण तिने ओळखलं. छताकडे बोट करून म्हणाली की येतंय थोडं थोडं. विरलेल्या लुगड्यासारखं. मावशीने पाहिलं, खरंच छतावर विरळ, झिरझिरीत असं काहीतरी हालत होतं. दोघी बराच वेळ बोलत बसल्या, एक पलंगावर, एक फांदीवर. काय बोललात म्हणून मी विचारलं तर मावशी म्हणाली, काही नाही गं, शेंडा ना बुडखा असं. तिच्या लहानपणचं, माझ्या लहानपणचं.

म्हातारी त्याच वर्षी गेली. घड्याळवाल्यांनी दुकान दुपारचं बंद ठेवायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं कुरकुरली, पण त्यांनी ऐकलं नाही. ते वर जाऊन बायकोच्या पलंगावर पडतात, असं मावशीला पुढल्या छाटणीच्या वेळी दिसलं. खिडकीतून दोघांची नजरानजर झाली. त्यांनी ओशाळून उठायचा प्रयत्न केला. मावशीने हाताने खूण केली, पडा पडा, आणि ती आवाज न करता दुसऱ्या बाजूला सरकली.

आता मावशीचेही गुडघे दुखतात, भीतीने नाही, वयाने. उंच झाडं तिने सोडून दिली. अलीकडे गावाच्या टोकाला नवी घरं झाली आहेत आणि प्रत्येक फाटकापाशी एकेक रोप लावलंय, माणसाच्या खांद्याइतकं. त्यांना वळण लावायचं काम दोघांनी घेतलंय. लहान झाडाला लहानपणीच वळण लावलं तर पुढे त्याच्यावर करवत चालवायची वेळ कमी येते. मी परवा त्यांच्याबरोबर गेले होते. सकाळ होती, रस्त्यावर कुणी नव्हतं, घरांना अजून पडदेही लागले नव्हते. दोघं एका रोपापुढे शेजारी शेजारी उभी होती. त्यांना असं बरोबरीने उभं राहून काम करताना मी पहिल्यांदाच पाहत होते. दोर नव्हता, पट्टा नव्हता. मावशीच्या हातात कात्री होती.

रोपाला दोन शेंडे फुटले होते. काका म्हणत होते डावा ठेव, मावशी म्हणत होती उजवा. बरीच घासाघीस झाली. काकांनी उजवा शेंडा दोन बोटांत धरून बारकाईने पाहिला, त्याला हलकेच वाकवून बघितलं, आणि तो मान्य केला. मग ते म्हणाले की हे घराएवढं होईल तेव्हा यावर कोण चढेल कुणास ठाऊक.

“चढेल कुणीतरी,” मावशी म्हणाली. “तुम्ही तो डावा जरा बाजूला धरा.”

काकांनी धरला, आणि मावशीने कात्री लावली.